शिपायाला लढाई विचारू नका, चूल विचारा: दोनशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांच्या आठवणी वाचायला लागताना

२१ ऑगस्ट १८०८ रोजी पोर्तुगालमधल्या विमेइरो गावाजवळ इंग्रज आणि फ्रेंच फौजांची गाठ पडली. त्या दिवशी बेंजामिन हॅरिस नावाचा शिपाई इंग्रजांच्या रायफल पलटणीत पुढच्या फळीत होता. लढाई कशी झाली, असं त्याला विचाराल तर तो सांगतो की बराच वेळ काही दिसलंच नाही. स्वतःच्या आणि शेजारच्यांच्या बंदुकांचा पांढरा धूर कपड्यांना चिकटून बसला होता, आणि त्यात आपल्याच बंदुकीच्या तोंडाचा लाल लोळ तेवढा दिसत होता.

डावी बाजू कुठं सरकली, राखीव फौज कधी आली, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही. नव्या वाचकाची निराशा नेमकी इथंच होते. प्रत्यक्ष लढलेला माणूस, म्हणजे सगळं सांगेल, अशा अपेक्षेनं पुस्तक उघडावं तर पानंच्या पानं बूट, ओला पाव आणि हरवलेलं कांबळं यांतच जातात. माझंही तसंच झालं होतं. मी तर आधी सेनापतींचे खलिते उघडले होते, आणि आठ दिवसांत बैलांचे हिशेब वाचून कंटाळून मिटले. (त्या बैलांकडे पुढे परत यावं लागलं, ते सांगतोच.)

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या युद्धांच्या शिपायांनी सांगितलेल्या हकिकती वाचाव्यात असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इतिहासाची पदवी लागत नाही. बेताचं इंग्रजी, एक वही आणि थोडा धीर पुरतो. बहुतेक जुनी पुस्तकं स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेली असल्यामुळे इंटरनेट आर्काईव्हवर फुकट मिळतात.

पहिली पायरी: एकच माणूस निवडा, आणि तो खालचा असू द्या

सुरुवात हॅरिसपासून करा, असं माझं सरळ मत आहे. पुस्तक लहान आहे, भाषा बोलीतली आहे आणि माणूस आवडावा असा आहे. डॉर्सेट परगण्यातला हा मेंढपाळाचा पोरगा. १८०३ मध्ये सक्तीच्या भरतीच्या चिठ्ठीत त्याचं नाव निघालं. बापाला कळपासाठी पोरगा हवा होता. याच्या उजव्या हाताचं बोट लहानपणीच मोडलंय, हा तुमच्या काय कामाचा, असं सांगून त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. पुढे हॅरिस रायफल पलटणीत गेला आणि तिथं त्याच्याकडे आपल्या तुकडीचे बूट दुरुस्त करायचं काम आलं. म्हणजे बाकीच्यांच्या पाठीवर होतं तेवढं ओझं याच्याही पाठीवर, आणि वर चामडं आणि अवजारं. कितीतरी शिपाई शत्रूच्या गोळीनं न मरता पाठीवरच्या पिशवीच्या वजनानंच मेले, असं तो ठामपणे सांगतो.

हे वाक्य वहीत लिहून घ्या. पुढे दहा पुस्तकं वाचाल तेव्हा ते पुन्हा पुन्हा भेटेल, फक्त पलटण आणि देश बदललेला असेल.

दुसरं पुस्तक घ्यायचं तर जाकोब वाल्टर. जर्मनीतल्या व्यूर्टेंबर्ग राज्याचा पाथरवट, जन्म १७८८. नेपोलियनच्या बाजूनं लढायला त्याच्या राजानं पाठवला म्हणून गेला. नेपोलियनविषयी त्याला ना भक्ती ना राग. १८१२ च्या रशियाच्या स्वारीत तो होता. रशिया म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो. वाल्टर वाचताना कळतं की उपासमार जाताना, भर उन्हाळ्यातच सुरू झाली होती. गाढ श्रद्धेचा हा कॅथलिक माणूस गावं लुटून पीठ मिळवतो, ते पाण्यात कालवून निखाऱ्यावर भाजतो आणि सगळं कुठलीही सजावट न करता सांगतो.

अधिकाऱ्यांच्या आठवणी नंतर. त्या चांगल्या लिहिलेल्या असतात, तोच धोका आहे. तंबू, घोडा आणि नोकर असलेल्या माणसाची थंडी वेगळी.

दुसरी पायरी: लेखणी कुणाच्या हातात होती ते पाहा

या पायरीवर घाई करू नका. पुस्तक उघडल्यावर मजकुराआधी वहीत चार गोष्टी लिहा: घटना कधीची, सांगितली किंवा लिहिली कधी, छापली कधी, आणि कुणासाठी.

हॅरिसचं पाहा. घटना १८०७ ते १८०९ या काळातल्या. तो लंडनच्या सोहो भागात चांभारकाम करत असताना हेन्री कर्लिंग नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं त्याच्याकडून आठवणी ऐकून लिहून घेतल्या, ते साधारण १८३५ च्या आसपास. पुस्तक निघालं १८४८ मध्ये. म्हणजे आपण हॅरिसचं तोंड ऐकतो, पण कर्लिंगच्या हातातून. प्रसंगांचा क्रम कित्येकदा मागेपुढे झालेला आहे, तोही यामुळेच.

आता यातली एक गंमत. १८०८-०९ च्या हिवाळ्यात इंग्रज फौज स्पेनच्या डोंगरांतून समुद्राकडे मागं हटत होती. हॅरिसची तुकडी क्रॉफर्ड या सेनानीच्या हाताखाली विगो बंदराकडे निघाली होती. बुटांचे तळ गेलेले, लोक वाटेत बसले की तिथंच संपत होते. अशा वेळी क्रॉफर्डनं शिस्त मोडणाऱ्यांना फटके मारायला लावले, आणि हॅरिस म्हणतो की त्या कडकपणामुळेच आम्ही जगलो. आपण लगेच हुरळून जायचं नाही आणि लगेच नाकारायचंही नाही. पंचवीस वर्षांनी, आपल्या दुकानात, एका अधिकाऱ्यासमोर बोलणारा जुना शिपाई आणखी काय म्हणाला असता, हा प्रश्न समासात लिहून ठेवायचा. मला स्वतःला त्याचं म्हणणं खरं वाटतं, कारण इतर अधिकाऱ्यांबद्दल तो इतका मऊ नाही. पण हे माझं वाटणं झालं.

दुसरं टोक म्हणजे विल्यम व्हीलर. एक्कावन्नाव्या पलटणीचा शिपाई, १८०९ पासून घरी पत्रं लिहीत राहिला. पत्राला पुढचं ठाऊक नसतं. उद्या लढाई आहे की नाही हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, ही पत्राची खरी किंमत. ती छापली गेली थेट १९५१ मध्ये. आणि तिसरा नमुना फ्रेंच क्वाग्ने, जन्म १७७६. लिहायला-वाचायला शिकला तेव्हा तिशी उलटून गेलेली, नेपोलियनच्या खास गार्डमध्ये होता. आठवणी छापल्या तेव्हा पंचाहत्तरीला आलेला. तोवर नेपोलियन म्हणजे दंतकथा झाला होता, आणि क्वाग्नेच्या पुस्तकात सम्राट जवळ येऊन कान ओढतो तेव्हा त्या दंतकथेचा वास येतो. पुस्तक मात्र फार गोड आहे, टाळू नका.

आणखी एक सापळा. स्पेन-पोर्तुगालच्या युद्धाचा विल्यम नेपियर यानं लिहिलेला मोठा इतिहास १८२८ पासून खंडाखंडानं निघाला. त्यानंतर लिहिणाऱ्या कित्येक जुन्या शिपायांनी तो शेजारी ठेवूनच आठवणी लिहिल्या. साधा शिपाई अचानक ‘तिसरी डिव्हिजन उजवीकडे वळली’ असं सांगू लागला की समजावं, हा नेपियर बोलतोय. पुन्हा बूट आणि पाव आले की आपला माणूस परतला.

आपल्याकडे हे नवं नाही. विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला तेव्हा त्यात त्यांचा हात फिरला होता, आणि पुढे मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती निघाल्यावर तो फरक उघड झाला. गोडसे भटजी शिपाई नव्हते आणि काळही १८५७ चा. पण दोन्ही आवृत्त्यांची चारदोन पानं शेजारी ठेवून वाचलीत तर संपादकाचा हात ओळखायची सवय मराठीतच लागेल.

सर्वांत अवघड प्रकरण सीताराम पांडे यांचं. अवधचा हा शिपाई १८१२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत भरती झाला, नेपाळच्या आणि पेंढाऱ्यांच्या लढायांत होता, आणि सुभेदार होऊन निवृत्त झाला, असं पुस्तक सांगतं. ते आपल्या हाती आलं आहे नॉरगेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७३ मधल्या इंग्रजी भाषांतरातून. मूळ हस्तलिखित समोर नाही, त्यामुळे अभ्यासकांत त्याच्या खरेपणावरून वाद आहे. मी ते वाचतो, पण तारखांसाठी वापरत नाही. घट्ट लाल कोटात काखा कशा आवळतात, किंवा जात गेली म्हणून पैसे मोजून परत जातीत कसं यावं लागतं, यासाठी वाचतो.

तिसरी पायरी: चूल, पाय, पगार

वहीत तीन रकाने पाडा. लढाईला रकाना नको. ती आपोआप येते.

चुलीच्या रकान्यात काय खाल्लं, कुठून आणलं, शिजवायला जळण मिळालं का. स्पेनमध्ये इंग्रज शिपायाला कागदावर रोज पौंडभर मांस, हाडासकट, आणि पौंडभर बिस्कीट किंवा त्याहून थोडा जास्त पाव मिळायचा. कागद आणि भांडं यांतलं अंतर हाच या आठवणींचा अर्धा विषय आहे.

पायांच्या रकान्यात रोजची चाल, बूट, ओझं. पाठीवरचं आणि अंगावरचं मिळून साठ पौंडांच्या आसपास, म्हणजे सत्तावीस किलो. घरातलं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन एक जिना चढून पाहा, मग पुढचं पान वाचा.

पगाराच्या रकान्यात आकडा आणि कपात दोन्ही. इंग्रज शिपायाला दिवसाला एक शिलिंग, कंपनीच्या हिंदी शिपायाला महिन्याला सात रुपये. त्यातून खाण्याचे, कपड्यांचे, दुरुस्तीचे पैसे कापून हातात काय उरलं, आणि मुळात वेळेवर आलं का.

रोगराईसाठी रकाना पाडायचा राहिला, असं मला हॅरिस वाचताना वाटलं. १८०९ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या वाल्खरेन बेटावर सुमारे चाळीस हजारांची फौज उतरवली. लढाईत मेले १०६. तापानं मेले सुमारे चार हजार. हॅरिसला तोच दलदलीतला ताप लागला आणि नंतर वर्षानुवर्षं तो उलटत राहिला. त्याची शिपाईगिरी खरी संपली ती तिथं. कुठल्याही लढाईच्या नकाशावर हे दिसत नाही.

बायकामुलंही इथंच भेटतात. पलटणीबरोबर काही शिपायांच्या बायका जात. विगोच्या वाटेवर एक शिपायाची बायको रस्त्याकडेला बाळंत होते, सगळ्यांना वाटतं संपलं, आणि थोड्या वेळानं नवराबायको तान्ह्या पोराला घेऊन तुकडीला येऊन मिळतात. हॅरिस हे दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातो.

चौथी पायरी: दख्खनमध्ये या, आणि शब्दांचा कोश स्वतःच करा

१८०३ चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध आपल्या पायाखालच्या जमिनीवर झालं: ऑगस्टमध्ये अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, इथूनच पुढे पोर्तुगालला गेला. विमेइरोला हॅरिस त्याच्याच फौजेत होता. दख्खनमधल्या हकिकती बहुतेक अधिकाऱ्यांच्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. तरी वाचायच्या, कारण जागा आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली अडचण स्पेलिंगची. ‘पेटाह’ म्हणजे आपली पेठ, ‘नुल्ला’ म्हणजे नाला, ‘ड्रूग’ म्हणजे दुर्ग, ‘टोप’ म्हणजे आमराई किंवा झाडांची राई, ‘लूटी’ म्हणजे लुटारू स्वार. ‘टँक’ वाचून रणगाडा डोळ्यांपुढे आणू नका, ते गावाबाहेरचं तळं आहे. ‘टॅटू’ म्हणजे तट्टू. मोबाईलवर भाषांतर करून वाचणाऱ्यांनी इथं विशेष जपावं, नाहीतर शेकडो गोंदणं सामान वाहून नेताना दिसतील. ‘ब्रिंजारी’ म्हणजे बंजारे. आणि गावाचं नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं उच्चारा. निम्मी कोडी कानाला सुटतात, आणि हा फायदा इंग्रज वाचकाला नाही, आपल्याला आहे.

बंजाऱ्यांवरून बैलांकडे येऊ. सुरुवातीला मला कंटाळवाणे वाटलेले वेलस्लीचे ते खलिते पुन्हा काढा. धान्य पाठीवर लादलेले बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे यांवर फौज किती चालणार ते ठरत होतं. पावसानं बैल मेले की सेनापतीची योजनाही मेली. शिपायाच्या चुलीचा धागा वरपर्यंत कसा जातो, ते या पत्रांतून कळतं. पण ती आधी वाचली तर कळत नाही.

पाचवी पायरी: एक दिवस, तीन तोंडं

असईचा दिवस घ्या. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ती लढाई झाली; नकाशा उघडून ठेवा, जमलं तर जाऊन या. वेलस्लीचा दुसऱ्या दिवशीचा खलिता वरिष्ठांना उत्तर देण्यासाठी लिहिलेला. चोविशीही न गाठलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेलस्लीजवळ होता. त्यानं मित्राला लिहिलेली पत्रं आपलं नवखेपण लपवत नाहीत. जॉन ब्लॅकिस्टन हा मद्रासकडचा इंजिनियर अधिकारीही तिथं होता, पण त्याच्या आठवणी छापल्या १८२९ मध्ये, वेलिंग्टन इंग्लंडचा पंतप्रधान असताना. तिघांचंही एकेक पान वाचा आणि फक्त जिथं पटत नाही तेवढं लिहून काढा. ज्यावर तिघंही गप्प आहेत ते शेवटी लिहा.

अहमदनगरचा एक नमुना तर अभ्यासालाच ठेवावा असा आहे. जेम्स वेल्श या अधिकाऱ्याच्या आठवणींत एक पत्र येतं. वेलस्लीच्या बाजूनं असलेले पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांनी पुण्याला लिहिलं म्हणे, की हे इंग्रज विचित्र लोक. सकाळी आले, पेठेची भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परत आले. वाक्य इतकं फक्कड आहे की इंग्रजी पुस्तकांतून ते सतत फिरत असतं. आता आपली चार प्रश्नांची यादी लावा. मराठी पत्र इंग्रजीत कुणी केलं? वेल्शचं पुस्तक १८३० चं, मध्ये सत्तावीस वर्षं. वाचक इंग्रज, आणि वाक्य त्यांच्याच कौतुकाचं. शिवाय हेच बापू गोखले १८१७ मध्ये खडकीला इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला पडले. मी हे पत्र खोटं म्हणत नाही. न्याहारी हा शब्द मात्र मला संशयास्पद वाटतो.

सहावी पायरी: समोरच्या छावणीत डोकवा

मराठी फौजेतल्या साध्या शिपायानं स्वतः लिहिलेली, हॅरिससारखी सलग आठवण हवी असेल, तर तिच्या शोधात दिवस घालवू नका, आडवाटेनं जा. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत रेसिडेंटच्या, म्हणजे शिंद्यांकडे नेमलेल्या इंग्रज वकिलाच्या, पहाऱ्यावर होता. तिथून त्यानं भावाला लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. माणूस नाकं मुरडणारा आहे, मराठ्यांविषयी चांगलं बोलायचं त्याच्या जिवावर येतं. पण डोळे चांगले. छावणी हलते तेव्हा बिनीवाला आधी पुढे जातो आणि शिंद्यांच्या डेऱ्याच्या जागी पांढरं निशाण रोवतो. मग ठरलेल्या रचनेनं बाजार लागतात. ‘बिनीचा शिलेदार’ आपण भाषणात सहज म्हणतो, त्यातली बिनी इथं चालताना दिसते. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसतात, आणि बसणारा व ज्याच्या दारात बसलाय तो, दोघंही उपाशी राहतात. आपल्या तिसऱ्या रकान्याला इथं जेवढं मिळतं तेवढं दुसरीकडे क्वचितच.

याच पत्रांत जोरावर सिंग भेटतो. शिंद्यांच्या फौजेतला हा तरुण शिपाई म्हणजे पुरुषवेषातली बाई होती. कर्जापायी भोपाळला कैदेत पडलेल्या भावाला सोडवायचं म्हणून ती शिपाई झाली होती. त्याच सुमारास रशियात नादेझ्दा दुरोवा ही बाई पुरुष म्हणून घोडदळात लढत होती. तिनं स्वतः आठवणी लिहिल्या आणि १८३६ मध्ये कवी पुश्किननं त्यांतला भाग छापला. जोरावर सिंगच्या वाट्याला एका परक्या माणसाच्या पत्रातली एक-दोन पानं आली.

मोडी येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर पुण्यातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी नसेल तर गो. स. सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ छापील खंड आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ देवनागरीत आहेत. त्यांत आठवणी नाहीत. पत्रं, हिशेब आणि बातम्या आहेत. कुठं घोड्याचं दाणापाणी, कुठं पगाराची तक्रार. रकाने तेच ठेवा, फक्त एकेका ओळीसाठी जास्त पानं उलटावी लागतील.

एक शब्द सोबत घेऊन जा: गोलंदाज. आज तो चेंडू टाकतो, १८०३ मध्ये तोफ डागत होता. असईला शिंद्यांच्या तोफांवरून इंग्रज फौज पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला दुसऱ्यांदा त्याच तोफांवर चालून जावं लागलं. हे आपल्याला त्याच्याच खलित्यातून कळतं. त्या गोलंदाजांत एकाचंही नाव तिथं नाही.